टर्बोच्या आधी पंप

२००१ साली ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’मधली नारिंगी टोयोटा सुप्रा पडद्यावर आली आणि गाड्यांच्या वेडाने झपाटलेल्या पोरांना तिच्या इंजिनाचं नाव पाठ झालं: टू-जे-झेड. तीन लिटर, एका ओळीत सहा सिलिंडर, दोन टर्बो. ओतीव लोखंडाचा त्याचा ब्लॉक इतका दणकट, की निर्यातीच्या गाड्यांना कंपनीने दिलेल्या सुमारे ३२० अश्वशक्तीच्या दुप्पट ताकद त्यातून काढणं हे जपान-अमेरिकेतल्या गॅरेजांचं नेहमीचं काम होऊन बसलं. अशा गाडीचं बॉनेट उघडलं की बघणाऱ्याची नजर टर्बोवर आणि चकचकीत पाइपांवर खिळते. मागे टाकीत, पेट्रोलमध्ये बुडून बसलेला हातात मावेल एवढा पंप कोणाला दिसत नाही. इंजिन टिकणार की फुटणार, याचा निकाल मात्र बऱ्याचदा तिथेच लागतो.

पंपाचं काम तसं सरळ आहे. तो टाकीतलं पेट्रोल उचलतो, फिल्टरमधून पुढे ढकलतो आणि ज्या नळीवर पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बसवलेले असतात त्या फ्युएल रेलमध्ये ठरावीक दाबाने पोहोचवतो. उरलेलं पेट्रोल दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरमधून रिटर्न लाइनने टाकीत परत येतं. किती हवा आत आली याचा हिशेब करून इंजिनाचा कॉम्प्युटर काही मिलिसेकंदांसाठी इंजेक्टर उघडतो. पण रेलमध्ये खरोखर किती दाब आहे, हे नव्वदच्या दशकातल्या बहुतेक गाड्यांचा कॉम्प्युटर पाहतच नाही. दाब बरोबर असणार, असं धरून तो चालतो. पंप कमी पडला तरी इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा राहतो आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल मात्र कमी पडतं.

याचे परिणाम वाईट असतात. टर्बो इंजिन पूर्ण जोरात असताना एक भाग पेट्रोलला साडेअकरा ते बारा भाग हवा, असं मुद्दाम जास्त पेट्रोलचं मिश्रण देतात, कारण त्या जादा पेट्रोलमुळे सिलिंडरमधली उष्णता आटोक्यात राहते. दाब घसरला की मिश्रण ‘लीन’ होतं, तापमान चढतं, आणि ठिणगीने लागलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेट घेतं. हेच नॉकिंग. पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटायला किंवा पिस्टनचा माथा वितळायला मग काही सेकंद पुरतात. शहरात सावकाश चालवताना यातलं काहीच जाणवत नाही, कारण तेव्हा पेट्रोलची गरज पंपाच्या क्षमतेच्या कितीतरी खाली असते. त्यामुळे ‘गाडी तर मस्त चालतेय’ या समाधानात मालक महिनोन्महिने राहू शकतो.

पंप किती मोठा हवा, हे अंदाजपंचे ठरवावं लागत नाही. पूर्ण जोरात टर्बो पेट्रोल इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण २७० ग्रॅम, म्हणजे जवळपास ३७० मिलिलिटर पेट्रोल लागतं. ३२० अश्वशक्तीला ताशी सुमारे १२० लिटर. ६०० ला ताशी २२० लिटर. त्यावर वीस टक्के राखीव ठेवली की आकडा २६५ च्या घरात जातो. ट्यूनिंगच्या जगात वर्षानुवर्षं गाजलेला वॉल्ब्रो कंपनीचा ‘२५५’ पंप आपली क्षमता नावातच सांगतो: ताशी २५५ लिटर. मग ६०० अश्वशक्तीला थोडक्यात कमी पडेल, एवढंच ना?

तेवढंच नाही. २५५ हा आकडा कोणत्या दाबाला मोजला, हे विचारलंच पाहिजे. इंजेक्टरचं तोंड इनटेक मॅनिफोल्डमध्ये उघडतं. तिथे टर्बोने दीड बार बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, भरला की ती हवा पेट्रोलला उलट रेटते, म्हणून रेग्युलेटर रेलचा दाबही दीड बारने वाढवतो. मूळचा तीन बारचा दाब साडेचारवर जातो. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवताना मजले वाढले की धार बारीक होते, तसाच इथेही दाब चढला की पंपाचा प्रवाह घटतो. म्हणजे इंजिनाला पेट्रोलची सगळ्यात जास्त गरज असते, नेमका तेव्हाच पंप सगळ्यात कमी देऊ शकतो. त्यामुळे खोक्यावरच्या एका आकड्यावर पंप विकत घेऊ नये. वाढत्या दाबाला तो किती देतो, याचा आलेख मागून घ्यावा.

त्या आलेखावर व्होल्टेजही लिहिलेलं असतं. तेही वाचायचं. एकच पंप साडेतेरा व्होल्टला जेवढं पेट्रोल देतो, त्याहून बरंच कमी बारा व्होल्टला देतो. सुप्रात तर पंपासाठी स्वतंत्र कंट्रोलर आहे. गाडी निवांत चालू असताना तो पंपाचं व्होल्टेज उतरवतो आणि जोर लागला की वाढवतो. त्याला बगल देऊन पंपाला कायम पूर्ण व्होल्टेज देण्याची क्लृप्ती सुप्रावाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. त्याहून चांगला उपाय म्हणजे बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि रिले टाकून नवी लाइन ओढणं. वॉल्ब्रोचा ताशी ४५० लिटरचा पंप जास्त दाबाला पंधरा अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. मूळच्या बारीक वायरवर तो लावला तर व्होल्टेज वाटेतच गळतं आणि वायरही तापते, तीसुद्धा पेट्रोलच्या टाकीजवळ.

पंप वाजवीपेक्षा मोठा झाला तरी त्रास आहेच. इंजिन आयडलिंगला असताना जवळजवळ सगळं पेट्रोल परत पाठवावं लागतं. मूळचा रेग्युलेटर आणि बारीक रिटर्न लाइन तेवढा लोंढा वाहून नेऊ शकत नाही, दाब नको तिथे चढतो आणि गाडी पेट्रोल ओकू लागते. मोठ्या पंपाबरोबर मोठा रेग्युलेटरही घ्यावा लागतो, तो यासाठी.

टाकीच्या आतलं काम अनेक ठिकाणी कसंबसं उरकलं जातं. बाहेरून पेट्रोलमध्ये बुडवण्यासाठी साधा फ्युएल होज बनवलेला नसतो. टाकीत तो काही काळाने मऊ पडतो, फाटतो, आणि नवाकोरा पंप पेट्रोल पुन्हा टाकीतच सोडत बसतो. तिथे बुडीत वापराचा होजच लागतो. टाकी सदा अर्धी-पाव ठेवण्याची सवयही पंपाला मारक, कारण भोवतीचं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. शर्यतीच्या ट्रॅकवर लांब वळणात पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. त्यासाठी वेगळी छोटी सर्ज टँक बसवतात. शिवाय नाव मोठं झालं की नकला येतात. वॉल्ब्रोच्या नावाने नकली पंप वर्षानुवर्षं विकले गेले आहेत, तेव्हा अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या पंपापासून दूर राहिलेलं बरं.

इथेनॉल आलं की सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. मुख्यतः इथेनॉल असलेल्या ई८५ ला दहा किलोच्याही आत. म्हणून तेवढ्याच ताकदीसाठी ई८५ तीस ते चाळीस टक्के जास्त लागतं. आपल्याकडच्या पेट्रोल पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचं ई२० मिळतं, आणि त्यातल्या इथेनॉलमध्ये महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचा मोठा वाटा आहे. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० सात-आठ टक्के जास्त लागतं. मूळ गाडीत हा फरक सहज सामावतो, पण आधीच काठावर चाललेल्या पंपाची राखीव त्यात संपते.

आजच्या डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत पंप दोन असतात: टाकीतला विजेचा, आणि इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा, शेकडो बार दाब देणारा. एक वाढवून दुसरा तसाच ठेवला तर उपयोग नाही. फोक्सवॅगन-स्कोडाच्या टीएसआय गाड्या भारतात ट्यूनरांच्या आवडत्या, त्यामुळे हे गणित इथल्याही गॅरेजांत सोडवलं जातं. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ‘व्हॅली रन’ ड्रॅग शर्यतींत अशा गाड्या पळतात. रस्त्यावरच्या गाडीत मूळ रचनेबाहेरचे बदल करण्यावर मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत.

चांगला ट्यूनर पंप बसवल्यावर सुप्रासारखी गाडी ताकद मोजणाऱ्या डायनोवर चढवतो, रेलवर दाबाचा सेन्सर लावतो आणि बूस्टबरोबर त्याची नोंद घेतो. दोन्हींमधला फरक शेवटच्या आरपीएमपर्यंत तीन बारवर स्थिर राहायला हवा. वरच्या टोकाला तो थोडाही खाली झुकला, तर बूस्ट वाढवायचं काम तिथेच थांबतं आणि शोध सुरू होतो: आधी पंपाशी पोहोचणारं व्होल्टेज, मग फिल्टर, मग होज, आणि सगळं ठीक निघालं तर त्याहून मोठा पंप.