अंबाझरीची पाळ

नागपूरकर अंबाझरीला धरण म्हणत नाहीत. तो तलाव, आणि पावसाळ्यात सांडवा वाहू लागला की ‘ओव्हरफ्लो’. ‘ओव्हरफ्लो पाह्याले येता का?’ एवढं विचारायचा अवकाश, अख्खं घर भुट्टे खायला तयार! खरं तर ही मातीची पाळ आहे. लाव्हा गावच्या टेकड्यांतून येणाऱ्या नाग नदीला शहराच्या वेशीवर अडवणारी. तलाव भोसल्यांच्या वेळचा. १८७० च्या सुमारास त्याचं पाणी शहराला प्यायला मिळू लागलं. पुढं गोरेवाडा, कन्हान, पेंचचं पाणी आलं आणि अंबाझरी फिरायला जायची जागा झाली. इतिहास एवढा पुरे.

कारण माझी सकाळ गेली ती एका म्हाताऱ्या ढिवरकाकांजवळ. पाण्याच्या कडेला बसून ते फाटलेलं जाळं बांबूच्या सुईनं विणत होते. एकेक भोक बोटांनी मापत. “लहानगा निसटला त निसटू द्या भाऊ. मोठा होऊन इथंच येते.” रोहू-कतल्यापेक्षा हल्ली जलपर्णीच जास्त हाती लागते, हे मात्र त्यांनी मान वर न करता सांगितलं.

पाळीवरच्या गर्द झाडांचं मी कौतुक केलं, तेव्हा मान वर आली. “पाळीवर झाड नसते ठेवाचं. मूळ सडलं का तिथं पोकळी होते, अन् पाणी तीच वाट धरते.” घुशींच्या बिळांचंही तेच. “पाझर असतेच. निर्मळ आहे तवर भ्याचं काम नाही. गढूळ आला का समजाचं, पाळ आतून चालली.” धरणाचे इंजिनिअरही याहून वेगळं सांगत नाहीत. सावलीला भाळणारे आपण मात्र झाडांच्याच बाजूचे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाळ टिकली, पण सांडव्याचं पाणी अंबाझरी ले-आउटच्या घरांत शिरलं. चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता. मग सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकाचा वाद कोर्टात गेला. प्रवाहासमोर स्मारक उभारताना काकांसारख्या कुणाला विचारलं असतं तर, असं मनात आलंच.

परतताना पायथ्याशी उतरून मी पाझर शोधला. भुट्ट्याची सालं आणि प्लास्टिकचे ग्लास यांच्या थराखाली तो निर्मळ की गढूळ, काही कळलं नाही.