अजून मतदान चालू आहे, निकाल सांगू नका!

दोस्तांनो, निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रात एक मथळा हमखास येतो : ‘प्रचाराच्या तोफा थंडावल्या’. त्या संध्याकाळी गल्लीतून फिरणारा रिक्षावरचा भोंगा एकदम गप्प होतो आणि अभ्यास करणाऱ्यांना (न करणाऱ्यांनाही!) हायसं वाटतं. पण ही शांतता कार्यकर्ते दमले म्हणून होत नाही, बरं का. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १२६ वं कलम आहे. मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास त्या भागात जाहीर सभा घ्यायची नाही, मिरवणूक काढायची नाही, सिनेमा किंवा टीव्हीच्या पडद्यावरून प्रचार करायचा नाही. मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. मतदाराला जरा निवांत विचार करू द्या, एवढाच हेतू.

आता समजा, भोंगा बंद आहे, पण टीव्हीवर कोणी सांगतंय, ‘अमुक पक्ष जिंकल्यातच जमा आहे!’ मग हाही एक भोंगाच नाही का? या प्रश्नावर आपल्याकडे दहा-बारा वर्षं वाद चालला होता.

मतदान करून बाहेर पडणाऱ्या लोकांना ‘तुम्ही मत कुणाला दिलंत?’ असं विचारतात आणि त्यावरून अंदाज बांधतात, त्याला एक्झिट पोल म्हणतात. मतदान एकाच दिवशी उरकत असतं, तर भांडण फारसं झालंच नसतं. पण आपला देश केवढा! लोकसभेचं मतदान टप्प्याटप्प्यानं होतं. २००४ मध्ये चार टप्पे होते, २० एप्रिल ते १० मे. एका टप्प्याचं मतदान संपलं, की त्याच रात्री टीव्हीवर आकडे झळकायचे. पुढच्या टप्प्यातला मतदार अजून घरीच बसलेला! तो काय म्हणेल? ‘आता माझ्या मतानं काय होणार?’ किंवा, ‘जिंकणाऱ्याच्याच बाजूनं जाऊ या!’

ही भीती फक्त आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत १९८० साली अध्यक्षपदाची निवडणूक होती. तिथं पूर्वेला रात्र झालेली असते तेव्हा पश्चिमेला अजून संध्याकाळच असते. एका दूरचित्रवाणी वाहिनीनं रोनाल्ड रेगन जिंकले असं जाहीर केलं, तेव्हा न्यूयॉर्कच्या घड्याळात रात्रीचे सव्वाआठ वाजले होते आणि कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सव्वापाच. तिथली केंद्रं उघडी होती! ती बंद होण्याआधीच जिमी कार्टर यांनी पराभव मान्यही करून टाकला. मग मतदान केंद्रावर जायचं कशाला, असं किती जणांना वाटलं असेल, यावर तिथले अभ्यासक पुढे कितीतरी वर्षं भांडत राहिले.

आपल्या निवडणूक आयोगानं १९९८ मध्ये सूचना काढल्या, की सगळं मतदान होईपर्यंत असे अंदाज छापू नका, दाखवू नका. पत्रकार बिथरले. त्यांचं म्हणणंही काही चुकीचं नव्हतं. राज्यघटनेच्या १९ व्या कलमानं बोलण्याचं, लिहिण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. लोक काय म्हणाले ते सांगणं हा गुन्हा कसा? मतदार काय कुक्कुलं बाळ आहे? १९९९ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आलं. तिथं मुद्दा निघाला, की कायद्याचा आधार नसताना आयोग नुसत्या सूचनांच्या जोरावर अशी बंदी राबवणार कशी? आयोगानं सूचना मागे घेतल्या. मला स्वतःला ही घटना फार महत्त्वाची वाटते. आयोगाचा हेतू चांगलाच होता. पण नुसता चांगला हेतू पुरेसा ठरला नाही. बंदी घालायची तर संसदेनं चर्चा करून कायदा करायला हवा होता.

तसा कायदा २००९ मध्ये झाला. कलम १२६ अ. पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करायचा नाही. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात पहिल्याच टप्प्यानंतर एका मोठ्या वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर तसे आकडे आले, तर संपादकाला अटक झाली!

गंमत म्हणजे, ज्यासाठी एवढा वाद झाला ते अंदाज नेहमी खरे ठरतात असंही नाही. २००४ मध्ये बहुतेकांनी वाजपेयींची आघाडी पुढे राहील असं सांगितलं, आणि पंतप्रधान झाले डॉ. मनमोहन सिंग. २०२४ मध्ये बऱ्याच वाहिन्यांनी सत्ताधारी आघाडीला ३५० च्या वर जागा दिल्या, मिळाल्या २९३.

असं का होतं? वही घ्या. शाळेत तीन वर्ग आहेत, प्रत्येकात ४० मुलं. चिन्हं दोन : पतंग आणि भोवरा. ‘अ’ वर्गात पतंगाला ३६, भोवऱ्याला ४. ‘ब’मध्ये पतंगाला १९, भोवऱ्याला २१. ‘क’मध्ये १८ आणि २२. बेरीज करा. पतंगाला ७३ मतं, भोवऱ्याला फक्त ४७. पण वर्ग कुणी जास्त जिंकले? भोवऱ्यानं, तीनपैकी दोन! आता ‘ब’ वर्गात भोवऱ्याला मत देणाऱ्या दोघांनी विचारणाऱ्याला थापा मारल्या आणि ‘पतंग’ सांगितलं, तर? १२० मुलांत फक्त दोन थापा, आणि अख्खा अंदाज उलटा!

वाद मात्र अजून मिटलेला नाही. मतदानाच्या आधी लोकांचा कल विचारतात त्या जनमत चाचण्यांवर फक्त त्या ४८ तासांपुरती बंधनं आहेत, तीही टीव्हीसारख्या माध्यमांवर. आणि एका जिल्ह्यात भोंगे बंद असताना दुसऱ्या जिल्ह्यातली सभा टीव्हीवर थेट दिसतेच की! मोबाइलचं तर विचारूच नका. २०१९ मध्ये समाजमाध्यमांच्या कंपन्यांनी, त्या ४८ तासांत आयोगाची तक्रार आली तर तीन तासांत दखल घेऊ, असं कबूल केलं. पण तीन तासांत एक निरोप किती घरांत पोचतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक!

आई-बाबांसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच १९५१ च्या कायद्यात ९४ वं कलम आहे. आपण मत कुणाला दिलं, हे सांगण्याची सक्ती कुणावरही करता येत नाही. तेव्हा केंद्राबाहेर कुणी वही-पेन घेऊन विचारलंच, तर नुसतं हसून ‘नाही सांगणार’ म्हटलं तरी चालतं. आजी मतदान करून आली, की तुम्हीही विचारून पाहा. बघू काय उत्तर मिळतं!