फुकटचं गाणं, फुकटचा पिक्चर : पैसे नेमके कुणाचे बुडतात?

नेसरी (ता. गडहिंग्लज) : सरनोबत प्रतापराव गुजरांच्या स्मारकाचं नेसरी असो, नाहीतर गडहिंग्लज, आजरा, चंदगडची बाजारपेठ, गाणी घ्यायला आता कुणी कॅसेटचं दुकान शोधत नाही. गाणी ऐकणं मात्र कमी झालेलं नाही, उलट वाढलंय. मग गाणी आणि सिनेमाच्या विक्रीतला पैसा गेला कुठं? आणि फुकटात डाऊनलोड केल्यावर नुकसान कुणाचं होतं?

कॅसेट ते मेमरी कार्ड

१९८० च्या दशकात टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी कॅसेट स्वस्त केली आणि गाणी खेड्यापाड्यात पोचली. भीमगीतं, लोकगीतं, भक्तिगीतं गाणारे कलाकार कॅसेटमुळे घराघरात गेले. डुप्लिकेट कॅसेटी तेव्हाही निघायच्या. पण नक्कल करायची म्हटलं तरी कोरी कॅसेट आणि वेळ, दोन्ही लागायचं.

पुढं सीडी आली, मग मेमरी कार्ड. मोबाईलच्या दुकानात थोडे पैसे दिले की शेकडो गाणी ‘भरून’ मिळू लागली. गिऱ्हाईक पैसे देत होतं, पण ते दुकानदारापाशीच थांबत होते. गायक, गीतकार, संगीतकार यांच्यापर्यंत त्यातला रुपयाही जात नव्हता.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला आणि कार्ड भरून घ्यायची गरजही उरली नाही. आज गाणी ‘विकत’ घेणारे थोडेच. कमाई येते ती यूट्यूबच्या जाहिरातीतून आणि गाण्याच्या ॲपच्या वर्गणीतून. म्हणजे गाणं किती वेळा ऐकलं, यावर हिशोब. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्कही पक्का झाला. पण चोरीच्या साइटवरून उतरवलेलं गाणं या हिशोबात कुठंच येत नाही.

‘सैराट’ला फरक पडला नाही, मग?

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला लागला. थिएटरात गर्दी असतानाच त्याची चोरटी कॉपी मोबाईलवर फिरू लागली. तरीही सिनेमानं शंभर कोटींच्या घरात धंदा केला. त्यामुळं ‘चोरीनं काही बिघडत नाही’ असं बरेच जण म्हणतात.

पण सगळेच सिनेमे ‘सैराट’ नसतात. लहान मराठी सिनेमाला मोजकी थिएटरं मिळतात. पहिल्या तीन-चार दिवसांत प्रेक्षक आले नाहीत तर शो निघतो. त्याच दिवसांत टेलिग्रामवर कॉपी आली, तर तालुक्याच्या थिएटरपर्यंत तो पोचतच नाही. थिएटरात चालला नाही म्हणून टीव्ही आणि ओटीटीवाले किंमत पाडून मागतात. निर्मात्याचे पैसे अडकले की पुढचा सिनेमा राहतो. खेड्यात थिएटर लांब, म्हणून माणूस चोरटी कॉपी बघतो; आणि प्रेक्षक घटला की जवळचं थिएटरही बंद पडतं.

गावातल्या पोरांचंही नुकसान

ही फक्त मुंबई-पुण्याची गोष्ट नाही. ‘गावाकडच्या गोष्टी’, ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ या वेब सिरीज खेड्यातल्या कलाकारांनी यूट्यूबवर उभ्या केल्या. आपल्या भागातही पोरं गाणी, पोवाडे, रील बनवतात.

यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळवायचा तर साधारणपणे १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाणं लागतं. त्यानंतर मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा चॅनेलवाल्याला मिळतो. तोच व्हिडिओ कुणी डाऊनलोड करून व्हॉट्सॲपवर फिरवला, तर हजार लोकांनी बघूनही चॅनेलच्या खात्यावर एकही व्ह्यू चढत नाही.

कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणं जाणूनबुजून नक्कल करून विकणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. मेमरी कार्ड भरून देणारं दुकानही यात येतं. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनुसार थिएटरात मोबाईलवर सिनेमा रेकॉर्ड करणं आणि चोरटी कॉपी पैसे घेऊन लोकांना दाखवणं, यासाठी ३ महिने ते ३ वर्षं कैद आहे. दंड ३ लाखांपासून सुरू होतो आणि निर्मिती खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

महाराष्ट्रात तर २००९ पासून ‘व्हिडिओ पायरेट’ हा झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाल्यांच्या पंगतीत आहे. त्याला एमपीडीए कायद्याखाली स्थानबद्ध करता येतं.

वाचकांनी काय करावं?

* ॲपमधलंच डाऊनलोड बटण वापरा. यूट्यूब किंवा गाण्याच्या ॲपमध्ये वर्गणी भरून सेव्ह केलेलं गाणं कायदेशीर असतं आणि रेंज नसतानाही वाजतं.
* व्हिडिओ आवडला तर फाईल पाठवू नका, लिंक पाठवा. व्ह्यू मूळ कलाकाराला मिळतो.
* ‘नवीन पिक्चर फुकट’ म्हणून आलेली एपीके फाईल उघडू नका. अशा फाईलमधून मोबाईलमधले मेसेज, ओटीपी चोरले जातात आणि बँक खातं रिकामं होतं. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.
* मराठी सिनेमा थिएटरात बघायचाच असेल तर पहिल्या आठवड्यात बघा. दुसऱ्या आठवड्यात तो असेलच असं नाही.

कॅसेट विकत घेताना पैसे खिशातून जाताना दिसायचे. आता एका लिंकवर बोट ठेवलं की कलाकाराचा वाटा पोचतो, आणि फाईल पुढं ढकलली की तो बुडतो.