कोळंबीचे निरोगी बीज

शेती म्हटली की जमिनीचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु आंध्र आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पाण्याचीही शेती होते. खाडीचे खारे पाणी तळ्यात घ्यावयाचे, त्यात कोळंबीचे बीज सोडावयाचे आणि चार-पाच महिन्यांनी पीक काढावयाचे, अशी ही रीत. १९९०च्या सुमारास अनेकांनी कर्ज काढून या धंद्यात भांडवल घातले. त्यानंतर चार-पाच वर्षांतच पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला. कवचावर ठिपके उमटले की तीन ते दहा दिवसांत सारे तळे मरून जाई. कर्ज तेवढे शिल्लक राही.

हा रोग एका विषाणूमुळे होतो. माणसाला त्यापासून अपाय नाही. कोळंबीला मात्र त्यावर औषध नाही. तिच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडे निर्माण होत नाहीत. त्यामुळे माणसाला टोचतात तशी लस तिच्या उपयोगी पडत नाही. तेव्हा रोगाला तळ्यात येऊच न देणे, हाच मार्ग उरला.

समुद्रातून धरून आणलेली मादी वरकरणी धडधाकट दिसते. पण तिच्या अंगी विषाणू असला तर तो पिलांपर्यंत पोचतो. डोळ्यांना न दिसणारी ही गोष्ट जैवतंत्रज्ञानाने उघड केली. कॅरी म्युलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८३ साली शोधलेल्या पीसीआर पद्धतीने डीएनएचा अल्पसा अंश काही तासांत लक्षावधी पटींनी वाढविता येतो. बीज खरेदी करण्यापूर्वी त्यातील थोडी पिले अशा रीतीने तपासली, की त्यांत विषाणू आहे की नाही हे कळते.

पुढची पायरी म्हणजे पिढ्यान् पिढ्या बंदिस्त, रोगमुक्त जागेत वाढविलेली जनक कोळंबी. २००९मध्ये व्हनामी या परदेशी जातीच्या अशा कोळंबीला भारतात परवानगी मिळाली. आयात झालेली कोळंबी चेन्नईला विलग ठेवून तपासली जाते आणि मगच बीजकेंद्रांकडे जाते. परंतु जनक परदेशातून आणण्याचे हे परावलंबन कायम राहणे बरे नव्हे. म्हणूनच चेन्नईच्या केंद्रीय संस्थेने भारतीय पांढऱ्या कोळंबीच्या आनुवंशिक सुधारणेचे काम हाती घेतले आहे.

तरीही रोगमुक्त बीज म्हणजे रोगाला दाद न देणारे बीज नव्हे. एकाने रोगट तळ्याचे पाणी तसेच खाडीत सोडले, तर शेजाऱ्याचे तपासलेले बीजही मरते. प्रयोगशाळा बीजाची खात्री देऊ शकेल. खाडीचे पाणी मात्र सर्वांचे एकच असते.