झऱ्याचे पाणी नितळ आहे, पण निर्धोक आहे का?

श्रावणातला तिसरा सोमवार जवळ आला की त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीची लगबग सुरू होते. हजारो माणसे भर पावसात डोंगराभोवती चालतात, कित्येक अनवाणी. मी या वाटेवर देवासाठी जात नाही. नर्सिंगची नोकरी सुटली, पण पाणी पाहायची सवय सुटली नाही. म्हणून फेरीच्या आठ दिवस आधी आम्ही चौघीजणी वाटेवरच्या एका वाडीखालच्या झऱ्यावर गेलो.

कातळाच्या फटीतून अंगठ्याएवढी धार पडत होती. खाली सिमेंटची उघडी कुंडी. कुंडीच्या काठावर एक जण कपडे धूत होती, दोन शेळ्या पाणी पीत होत्या. वरच्या उतारावर भाताची खाचरे, एक गोठा आणि एका नव्या संडासाचा शोषखड्डा. वाडीतली एक मावशी कुंडीत कळशी बुडवून हंडा भरत होती. आम्ही बाटल्या काढल्या, तशी ती म्हणाली, “ताई, कातळातून येतंय पाणी. माझ्या सासूच्या सासूनं हेच पिलं. याला काय झालंय?”

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर डोंगराच्या पोटात आहे.

ब्रह्मगिरी हा लाव्हारसाच्या थरांवर थर बसून तयार झालेला काळ्या कातळाचा डोंगर. काही थर सच्छिद्र आणि भेगाळलेले, काही अगदी घट्ट. पावसाचे पाणी भेगांतून खाली उतरते, घट्ट थर लागला की आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीला बाहेर पडते. तोच झरा. पाणी वाळूतून हळूहळू झिरपले तर ते बरेचसे गाळले जाते. कातळाच्या रुंद भेगेतून धावत आले तर गाळले जात नाही. वर जे असेल ते सोबत घेऊन येते. वर रान होते तोवर सासूच्या सासूला त्रास झाला नसेल. आता वर गोठा आहे, शोषखड्डा आहे, आणि फेरीच्या रात्री आडोशाला बसणारी माणसेही आहेत.

हे घरच्या घरी ओळखायची एक खूण आहे. जोराचा पाऊस झाल्यावर काही तासांतच झरा गढूळ झाला किंवा त्याची धार एकदम वाढली, तर समजावे की वरचे पाणी न गाळताच खाली येत आहे. अशा दिवसांत ते पाणी तसेच पिऊ नये.

आम्ही तीन बाटल्या भरल्या. एक फटीच्या तोंडाशी, एक कुंडीतून, एक मावशीच्या घरच्या हंड्यातून. ही हायड्रोजन सल्फाइडची चाचणी. खुणेपर्यंत पाणी भरून बाटली उबदार जागी ठेवायची. २४ ते ४८ तासांत पाणी काळे पडले तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याचा धोका आहे. दुसऱ्या दिवशी कुंडीतली आणि हंड्यातली बाटली काळीभोर होती. फटीजवळची तशीच राहिली. मावशी म्हणाली, “बघा, झरा चांगलाच आहे!” तेवढ्यात दोन रात्री मुसळधार पाऊस झाला. फटीजवळ पुन्हा बाटली भरली. तीही काळी पडली.

म्हणजे दोष दोन ठिकाणी होता. एरवी पाणी कुंडीत येऊन बिघडत होते आणि पावसात ते डोंगरातूनच बिघडून येत होते. फेरी नेमकी पावसाळ्यातच असते.

अशा पाण्यातून जुलाब, कॉलरा, विषमज्वर आणि कावीळ पसरते. एकेकाळी यात्रेमागून पटकी गावोगाव जायची, ती याच वाटेने. पाण्यातून येणाऱ्या ‘ई’ प्रकारच्या काविळीने गरोदर बाईचा, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जीव जाऊ शकतो. यात्रेकरू एक ओंजळ पिऊन पुढे जातो. वाडीतल्या बाया-पोरांना मात्र तेच पाणी वर्षभर प्यायचे असते.

पाणी कशाने बाटते, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत उषवदाताचा शिलालेख आहे. वाटसरूंसाठी नद्यांच्या काठी पाणपोया आणि लेण्यापाशी पाण्याच्या पोढी केल्याची नोंद त्यात आहे. त्याच महाराष्ट्रात पुढे आपल्या माणसांच्या स्पर्शाने पाणी विटाळते असे ठरले. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने बोले ठराव करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. त्यानंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ कशाने झाले? शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात ओतून! रॉबर्ट कॉखने कॉलऱ्याचा जंतू कलकत्त्याच्या एका तलावाच्या पाण्यात दाखवला त्याला तेव्हा ४३ वर्षे झाली होती. माणसाच्या हाताने पाणी बाटत नाही, त्यात गेलेल्या विष्ठेने बाटते, हे विज्ञानाने सांगून झाले होते. तळ्यावरचा आपला हक्क उच्च न्यायालयाने १९३७ साली कायम केला. पाणी सर्वांचे झाले. ते निर्धोक ठेवण्याचे काम मात्र अजून बाकी आहे, आणि तेही सर्वांचे आहे.

गावाने काय करावे?

वाहत्या झऱ्यात टीसीएल पावडर टाकून उपयोग नाही, ती वाहून जाते. फटीपुढे झाकणबंद सिमेंटची पेटी बांधावी आणि तिला नळ बसवावा, म्हणजे कळशी बुडवावी लागत नाही. पेटीच्या वरच्या अंगाला चर खोदून पावसाचे पाणी बाजूला वळवावे. तिथले पाणी बंद टाकीत साठवून जलसुरक्षकाने त्यात टीसीएल घालावे. अर्ध्या तासाने ओटी चाचणीत पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. गुरांचे पाणी आणि धुणे झऱ्याच्या खालच्या अंगाला न्यावे. झऱ्याच्या वरच्या उतारावर शोषखड्डा नको. कातळ भेगाळलेला असेल तर तीस-चाळीस मीटरवरचाही धोकादायक ठरतो. फेरीच्या काळात फिरती शौचालये झऱ्याच्या खालच्या बाजूला उभी करावीत.

वाटसरूने काय करावे?

पाणी उकळूनच आणावे. वाटेत भरावे लागले तर हात किंवा बाटली कुंडीत बुडवू नये, धारेखाली धरावी. गढूळ पाणी निवळू द्यावे, चारपदरी स्वच्छ कापडाने गाळावे, मग क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. नुसते गाळल्याने जंतू जात नाहीत. घरी पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर ते आणखी एक मिनिट उकळावे, झाकून ठेवावे आणि ओगराळ्याने घ्यावे.

जुलाब लागलेच तर?

ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून घोट घोट द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नये. आशाताईकडे ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या मिळतात. मुलाला झिंक १४ दिवस द्यायचे असते, जुलाब थांबले तरी. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल पडले, शौचात रक्त दिसले किंवा भाताच्या पेजेसारखे जुलाब झाले, तर घरी थांबू नये, थेट दवाखाना गाठावा.

मावशीला आम्ही तिन्ही बाटल्या दाखवल्या. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ह्या बाटल्या ग्रामसभेत ठेवू या का?” ठेवल्या. पेटी बांधायचा ठराव झाला आहे, बांधकाम व्हायचे आहे. तोवर मावशी पाणी उकळते.

आपल्याकडे प्रत्येक ग्रामपंचायतीला पाण्याच्या जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. तुमच्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे आणि त्या तपासणीत तुमच्या वस्तीचा पाणवठा धरला होता का, हे येत्या ग्रामसभेत उभे राहून विचारा.