बॉडी नसलेली गाडी

मोटारींच्या मासिकांत मला सगळ्यात आधी आवडली ती कापून दाखवलेली चित्रं. अर्धा पत्रा सोललेला, आत पिस्टन, शाफ्ट, पेट्रोलची टाकी, सीटखालचे रूळ. त्या नादातून एक खोड लागली. गाडी किती पळते हे विचारण्याआधी इंजिन कुठे ठेवलंय आणि माणसांना किती जागा उरलीय, हे पाहायचं. त्यामुळे ‘सुपरकार कशाला म्हणायचं’ या वादात कुणी अश्वशक्तीचे आकडे फेकायला लागला की माझं लक्ष उडतं.

आकड्यांची अडचण साधी आहे. टेस्लाची मॉडेल एस प्लेड ही पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा घेऊन जाणारी सेदान. तिच्यात हजाराच्या वर अश्वशक्ती आहे आणि जागेवरून सुटताना ती बहुतेक फेरारींना मागे टाकते. मोजमापच निकष असेल तर सुपरकारच्या यादीत तिचं नाव वरच घालावं लागेल. ते कुणालाच पटत नाही, आणि न पटणारे बरोबर आहेत. फक्त का पटत नाही, हे त्यांना धड सांगता येत नाही. त्यासाठी १९६५ सालच्या तुरिनला जावं लागतं.

ट्रॅक्टरवाले फेरुच्चो लाम्बोर्गिनी, एन्झो फेरारींशी क्लचवरून झालेली त्यांची बाचाबाची, हे सगळं वाचकांना पाठ असेल. त्यातलं खरं किती आणि नंतर रंगवलेलं किती, या भानगडीत पडत नाही. लाम्बोर्गिनींचा मोटारींचा कारखाना १९६३ मध्ये सांताआगाता बोलोन्येझे गावी सुरू झाला, आणि मालकाची एक अट होती : शर्यतीच्या वाटेला जायचं नाही. त्यांना हव्या होत्या दमदार, ऐसपैस, लांबच्या प्रवासाच्या गाड्या. पण नोकरीवर ठेवलेली पोरं वेगळ्या मातीची निघाली. मुख्य इंजिनिअर जानपाओलो डल्लारा, त्याचा जोडीदार पाओलो स्तान्झानी आणि गाड्या चालवून त्यांचे दोष काढणारा न्यूझीलंडचा बॉब वॉलेस. तिघंही तिशीच्या आतले, तिघंही शर्यतीच्या वेडाने झपाटलेले. कामाचे तास संपल्यावर त्यांनी स्वतःच्या हौशीपोटी एक गाडी कागदावर उतरवायला घेतली.

त्यांच्या हाताशी होतं इंजिनिअर बिझ्झारिनीने रचलेलं चार लिटरचं व्ही-१२ इंजिन. शर्यतीच्या गाड्यांत इंजिन तेव्हा चालकाच्या पाठीमागे गेलंच होतं, कारण वजन मध्यभागी आलं की गाडी वळणावर चपळ होते. पण बारा सिलिंडरचं लांबलचक धूड सीटमागे उभं ठेवलं आणि त्याला गिअरबॉक्स जोडला, तर गाडीची आगगाडी झाली असती. तोड सापडली ती ब्रिटनच्या गरिबाघरच्या मिनीत. अ‍ॅलेक इसिगोनिसने मिनीचं इंजिन आडवं टाकून गिअरबॉक्स त्याच्या पोटातच बसवला होता आणि दोघांना एकच तेल पाजलं होतं. होंडाच्या फॉर्म्युला वनच्या गाडीतही त्याच सुमारास छोटं व्ही-१२ आडवं बसलेलं होतं. डल्लारानेही तेच केलं. इंजिन आडवं, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल त्याच ओतीव कवचात, आणि सगळं सीटच्या लगेच मागे.

नोव्हेंबर १९६५ च्या तुरिन प्रदर्शनात लाम्बोर्गिनीने हा नुसता सांगाडाच मांडला. काळ्या रंगाची, जागोजागी भोकं पाडून हलकी केलेली पोलादी चौकट, चार चाकं, मागे आडवं इंजिन. बॉडी नाहीच. मला हा मोटारींच्या इतिहासातला सगळ्यात धीट देखावा वाटतो. गिऱ्हाइकं पत्रा आणि रंग बघून गाडी घेतात, हे ठाऊक असूनही या लोकांनी हाडं दाखवली. त्या हाडांतच सगळं होतं. मागची सीट येणार नाही, हे दिसत होतं. डिकी इंजिनच्याही मागे जाणार आणि सामान तापणार, हेही. पत्र्याचा एक तुकडा लागायच्या आत गाडीने बऱ्याच गोष्टींना नकार देऊन टाकला होता.

बॉडीचं काम बेर्तोनेकडे गेलं. मिलानची तूरिंग कंपनी कर्जात बुडाली होती आणि पिनिनफारिना फेरारीला बांधलेली होती. चार महिन्यांत, मार्च १९६६ च्या जिनिव्हा प्रदर्शनात, तीच गाडी ‘मिउरा’ या नावाने पूर्ण होऊन उभी राहिली. उंची एक मीटर आणि वर जेमतेम तीन बोटं. दिवे फियाट ८५० स्पायडरचे उचललेले, त्यांभोवती पापण्यांसारख्या पट्ट्या. आराखडा मार्चेल्लो गांदिनीचा, वय सत्तावीस. इथे एक भांडण आहे. बेर्तोनेतला गांदिनीच्या आधीचा मुख्य रेखाटनकार जोर्जेत्तो जुजारो १९६५ मध्येच बाहेर पडला होता. मिउरात आपल्या रेखाटनांचा मोठा वाटा आहे, असं त्याने पुढे अनेक वर्षांनी सांगितलं. गांदिनीने ते मान्य केलं नाही. २०२४ मध्ये गांदिनी गेला, आणि वाद जिथल्या तिथे राहिला. मला विचाराल तर दोघांनीही एका गोष्टीकडे काणाडोळा केला. गाडी एवढी बुटकी, रुंद आणि मधोमध वजनदार दिसते ती आतल्या सांगाड्यामुळे. त्या हाडांवर मांस चढवायला कुणीही बसवला असता, तरी त्याला फार निराळं काही करता आलं नसतं.

मिउराचे दोष मोजायला बसलं तर लेख तिथेच संपेल. पेट्रोलची टाकी पुढे, त्यामुळे ती रिकामी होत गेली की वेगात नाक उचललं जाई. कार्ब्युरेटर शर्यतीच्या जातीचे, सतत दाबून पळवायला बनवलेले. शहरात रेंगाळताना त्यांत पेट्रोल साचे आणि कधीकधी गाडी पेट घेई. गिअरच्या दात्यांचा झिजलेला चुरा त्याच तेलातून इंजिनात फिरे. दोन्हींचं तेल वेगळं व्हायला मिउराच्या एसव्ही या आवृत्तीतल्या शेवटच्या गाड्यांपर्यंत थांबावं लागलं. मालकाला वाटलं होतं, जाहिरातीपुरत्या पन्नासेक खपतील. खपल्या साडेसातशेच्या वर.

या सगळ्यांत माझा जीव अडकलाय तो वॉलेसमध्ये. युरोपात तो मेकॅनिक म्हणून आला होता. डल्लारा १९६८ मध्ये सोडून गेला; शर्यतीच्या सांगाड्यांचा त्याचा स्वतःचा कारखाना पुढे जगभर गाजला. स्तान्झानी मुख्य इंजिनिअर झाला आणि त्याने लाम्बोर्गिनीच्याच काउंटाशमध्ये इंजिन उभं करून गिअरबॉक्स थेट दोन सीटांच्या मध्ये आणला. वॉलेस मात्र गाड्या चालवत राहिला. १९७० मध्ये त्याने शर्यतीच्या नियमावलीतल्या ‘परिशिष्ट जे’ला धरून एक मिउरा नव्याने बांधली. हलकी, सुमारे ४४० अश्वशक्तीची. शर्यतीत उतरायचं नाही, हे पक्कं ठाऊक असताना शर्यतीच्या नियमांप्रमाणे बांधलेली. तिचं नाव जोटा. कंपनीने ती विकून टाकली आणि १९७१ मध्ये ब्रेशाच्या बाह्यवळण रस्त्यावर ती अपघातात जळाली. पुढे गिऱ्हाइकांनी हट्टाने आपापल्या मिउरांना जोटाचा साज चढवून घेतला. वॉलेस १९७५ मध्ये बाहेर पडला, अमेरिकेत अ‍ॅरिझोनात गॅरेज टाकून बसला आणि २०१३ मध्ये वारला. सुपरकारच्या इतिहासांत त्याचं नाव बहुधा तळटिपेत येतं. माझ्या मते ते पहिल्या पानावर हवं.

आता फेरारीकडे बघा. १९६८ मध्ये त्यांनी डेटोना आणली. इंजिन पुढे, व्ही-१२, ३५२ अश्वशक्ती. मिउराची ३५०. वेगात डेटोना उन्नीस नव्हती, झाली तर वीसच. चालवायला ती जास्त भरवशाची, आणि देखणी तर आहेच. तरी ती उत्तम लांब पल्ल्याची गाडी ठरते, सुपरकार नव्हे. ताकद सारखी, वेग सारखा. वेगळी आहे ती इंजिनाची जागा. मोठ्या इंजिनाची गाडी मधोमध इंजिन टाकून गिऱ्हाइकाच्या हाती द्यायला एन्झो फेरारी कचरत होते, आणि मिउरा पेटताना पाहिलेल्या कुणालाही त्यांचं म्हणणं पटेल. फेरारीची बारा सिलिंडरची तशी गाडी विक्रीला यायला १९७३ उजाडलं.

यावर लगेच आक्षेप येतो, की मग गैरसोय म्हणजेच सुपरकार का? अजिबात नाही. १९९० ची होंडा एनएसएक्स घ्या. अ‍ॅल्युमिनियमची चौकट, सीटमागे आडवं व्ही-६. ती रोज ऑफिसला नेता येते, एसी चालतो, इंजिन तापत नाही. ‘फार शहाणी आहे, म्हणून सुपरकार नाही,’ असं तेव्हा पुष्कळ जण म्हणाले. मला तो निव्वळ इटालियन नखऱ्यांना भुललेल्यांचा हट्ट वाटतो. मॅकलरेन एफ-१ घडवणारा गॉर्डन मरे एनएसएक्स चालवून तिच्या प्रेमात पडला होता. त्याला दोष आणि गुण यांची गल्लत करायची सवय नव्हती. होंडाने मांडणी मिउरासारखीच धीट केली आणि काम मात्र नीट केलं, एवढाच काय तो गुन्हा.

उलट टोकाला निसान जीटी-आर. २००७ मध्ये जपानात आली. पुढे व्ही-६, चार सीट, बऱ्यापैकी डिकी. जपानी मोटार कंपन्यांनी आपसांत ठरवलेल्या ताशी १८० किलोमीटरच्या बेडीत अडकलेली. रेसट्रॅकवर पोचल्याचं उपग्रहावरून कळलं तरच बेडी सुटणारी. एप्रिल २००८ मध्ये तोशिओ सुझुकीने जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगवर तिला ७ मिनिटं २९ सेकंदांत फिरवलं, आणि पोर्शेच्या घरात वादळ उठलं. पोर्शेने अमेरिकेतून एक जीटी-आर विकत घेतली, स्वतः फिरवली, आणि ७ मिनिटं ५४ सेकंद लागल्याचं जाहीर केलं. आपली ९११ टर्बो ७.३८ आणि जीटी-२ ७.३४ मध्ये फिरते, असंही सांगितलं. आडून सुचवणं स्पष्ट होतं : निसानने गाडीत काहीतरी घुसडलंय. निसाननेही टोला परत केला, की पोर्शेच्या लोकांना आमची गाडी चालवायला शिकवू. वाचताना करमणूक भरपूर झाली, पण भांडण चुकीच्या मैदानावर चाललं होतं. जीटी-आरचा प्रमुख काझुतोशी मिझुनो स्वतःच सांगत होता, की ही गाडी कुणालाही, कुठेही, कधीही चालवता यावी. तिने मागच्या सीटला नकार दिला नाही, डिकीला दिला नाही, बर्फातल्या रस्त्यालाही दिला नाही. एवढं सगळं सांभाळून ती एवढी पळाली, म्हणून माझ्या मनात ती मिउराच्याही वर आहे. पण सुपरकार ती नाही.

विजेच्या गाड्यांनी हा प्रश्न नव्याने उकरून काढलाय, आणि त्यात आपल्या मुंबईचाही हात आहे. महिंद्र समूहाने २०१५ च्या डिसेंबरमध्ये पिनिनफारिना घेण्याचा करार केला. पुढे त्या नावाने काढलेल्या वेगळ्या कंपनीतून बॅटिस्टा ही १,९०० अश्वशक्तीची विजेची गाडी आली. फक्त १५० बनवायच्या, असं ठरवून. महिंद्रांचा ट्रॅक्टरचा पसारा फेरुच्चोला स्वप्नातही दिसला नसता, हे जाता जाता.

विजेच्या गाडीत इंजिनच नाही, तेव्हा इंजिन कुठे ठेवलंय ही माझी कसोटी मोडते, असं एक मित्र म्हणतो. मोडत नाही. मोटर मुठीएवढ्या जागेत मावतात, पण बॅटरी ठेवायचीच असते. प्लेडमध्ये ती फरशीखाली सपाट अंथरलीय. त्यामुळे मागे तीन माणसं बसतात, पण सगळ्यांची बैठक बॅटरीच्या जाडीएवढी वर उचलली जाते. बॅटिस्टात ती ‘टी’ आकारात रचलीय. दांडा दोन सीटांच्या मधल्या बोगद्यात, आडवी फळी सीटच्या मागे. दोघंच बसतात, पण बूड रस्त्याला टेकल्यासारखं, आणि छप्पर तेवढंच खाली येतं. पळण्यात दोघींमध्ये सेकंदाच्या दशांशांचा फरक असेल. त्यावरून मित्राने वाद घालावा. मी बॅटरीचा नकाशा उलगडून बसतो.