डॅशहंडचे मागचे पाय अचानक का जातात?

सकाळी सोफ्यावर उड्या मारणारा डॅशहंड संध्याकाळी मागचे पाय फरपटत पाण्याच्या भांड्याकडे जातो. ना तो कुठून पडलेला असतो, ना मार लागलेला. मग घरात कुणी म्हणतं लकवा मारला, कुणी तेलाची बाटली काढतं. मालीश अजिबात करू नका. बहुतेक वेळा दुखणं पायात नसतंच, पाठीत असतं.

दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. तिची कड चिवट आणि आतला भाग जेलीसारखा मऊ. डॅशहंड, बीगल, पेकिनीज अशा जातींत ही जेली वयाच्या पहिल्या वर्षातच कडक व्हायला लागते, तिच्यात कॅल्शियम साठतं. पुढे कधीतरी, अगदी साध्या उडीनेही, कड फाटते आणि आतला ऐवज थेट मज्जारज्जूवर आदळतो. २०१७ मध्ये संशोधकांना यामागे एफजीएफ४ या जनुकाची एक जास्तीची प्रत सापडली. हीच प्रत पाय आखूड करायलाही हातभार लावते. म्हणजे आपल्याला गोड वाटणारी ठेवणच या दुखण्याचं मूळ आहे! साधारण चार-पाच डॅशहंडमागे एकाला हा त्रास होतो.

निदानात सगळ्यात महत्त्वाची तपासणी यंत्राशिवाय होते. डॉक्टर चिमट्याने मागच्या पायाचं बोट जोरात दाबतात. बघायला क्रूर वाटतं, पण पुढचं बरंचसं यावरच ठरतं. कुत्र्याने पाय मागे घेतला की मालक खूश होतात. पण ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते, त्यासाठी मेंदूपर्यंत निरोप जावा लागत नाही. कुत्रं वळून बघतं का, केकाटतं का, चावायला येतं का, हे पाहायचं असतं.

एक्स-रेत हाडं दिसतात, मज्जारज्जू नाही. नेमकी कुठली गादी फुटली हे एमआरआय सांगतो. तो भूल देऊन करावा लागतो आणि प्राण्यांसाठी ही सोय आपल्याकडे मोजक्याच शहरांत आहे.

नुसती पाठ दुखत असेल किंवा कुत्रं लटपटत का होईना चालत असेल, तर वेदनाशामक औषधं आणि किमान चार आठवडे पिंजऱ्यात सक्त विश्रांती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते बरं दिसतं आणि मोकळं सोडलं जातं. इथेच घात होतो. चालता येत नसेल तर शस्त्रक्रियेचा पर्याय चांगला. वेदनेची जाणीव शाबूत असेल तर तिच्यानंतर दहापैकी नऊ कुत्री पुन्हा चालतात, जाणीव गेली असेल तर जवळपास निम्मी. खर्च झेपत नसला तरी लगेच कायमचं झोपवण्याचा निर्णय घेऊ नका. जाणीव असलेली बरीच कुत्री नुसत्या विश्रांतीनेही उभी राहतात, फक्त वेळ जास्त लागतो. तोवर लघवी होते का ते रोज पाहावं लागतं. होत नसेल तर मूत्राशय दाबून रिकामं कसं करायचं, ते डॉक्टरांकडून शिकून घ्या.

घरातली आयबुप्रोफेनची गोळी देऊ नका. स्टेरॉइड आणि दुसरं वेदनाशामक एकत्र गेलं तर पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून आधी काय दिलंय ते डॉक्टरांना सांगा.

पाय फरपटताना दिसले तर सकाळची वाट पाहू नका, काही तासांत प्रकृती आणखी बिघडू शकते. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, पाठ सरळ. असं उचलून खोक्यात ठेवा आणि निघा.